दोन खात्यांमधील जागा

प्रस्तावना

सरकारी कार्यालयात काम घेऊन गेलेल्या माणसाला एक वाक्य हमखास ऐकावे लागते : “हे आमच्याकडे येत नाही, त्या खात्याकडे जा.” ऐकणाऱ्याला ती टाळाटाळ वाटते. पुष्कळदा ती टाळाटाळ असतेही. पण तितक्याच वेळा ते वाक्य अक्षरशः खरे असते. रस्ता एका खात्याचा, त्याखालून जाणारी जलवाहिनी दुसऱ्याची आणि कडेचा विजेचा खांब तिसऱ्याचा, अशी शासनाच्या कामाची वाटणी झालेली असते. नागरिकाची अडचण मात्र अशी वाटून आलेली नसते. ती एकसंध असते आणि नेमकी दोन खात्यांच्या मधल्या जागेत जाऊन पडते.

या मधल्या जागेत काम कसे होते, हा प्रस्तुत पाठाचा विषय आहे. शासकीय भाषेत त्याला ‘समन्वय’ म्हणतात. हा शब्द इतक्या परिपत्रकांतून येतो, की वापरून वापरून त्याचा अर्थ झिजून गेला आहे. तो पुन्हा नीट समजावा म्हणून येथे ओडिशा राज्याचे उदाहरण घेतले आहे. बंगालच्या उपसागराच्या काठावरील या राज्याने १९९९ साली एका चक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे गमावली. वीस वर्षांनी, २०१९ साली, दुसरे एक प्रचंड वादळ त्याच किनाऱ्यावर आदळले, तेव्हा मृतांची संख्या ६४ होती. या दोन आकड्यांच्या मधल्या काळात काय घडले, ते आपण पाहणार आहोत. (१९९९ साली या राज्याचे अधिकृत नाव ‘ओरिसा’ होते, २०११ मध्ये ते ‘ओडिशा’ झाले. पाठात सर्वत्र आजचेच नाव वापरले आहे.)

पाठ वाचताना आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. शासनाचे काम भाषेतून चालते. आदेश, परिपत्रक, अहवाल, टिपणी ही सारी वाक्येच असतात. वाक्य कसे लिहिले आहे, यावर काम होणार की राहणार हे काही अंशी ठरते. त्याचा विचार पाठाच्या उत्तरार्धात केला आहे.

वाटणी कशासाठी?

खात्यांची वाटणी ही मुळात वाईट गोष्ट नव्हे. पूल बांधणाऱ्याने पूल बांधावा, लस टोचणाऱ्याने लस टोचावी, यात शहाणपणच आहे. केंद्र सरकारात कोणता विषय कोणत्या मंत्रालयाकडे असावा, हे १९६१ च्या कार्यवाटप नियमांनी ठरते. राज्यांचेही असेच नियम असतात. पैशाची वाटणीही याच रेषांवरून होते. विधिमंडळ ज्या कामासाठी रक्कम मंजूर करते त्याच कामावर ती खर्च व्हावी, म्हणून प्रत्येक खात्याच्या खर्चाला स्वतंत्र लेखाशीर्ष दिलेले असते. एका शीर्षाखालचा पैसा दुसऱ्या खात्याच्या कामावर खर्च झाला, तर लेखापरीक्षणात आक्षेप निघतो आणि सही करणाऱ्या अधिकाऱ्याला उत्तर द्यावे लागते.

येथे एक बारकावा ध्यानात घ्यायला हवा. दोन खात्यांमधील रिकामी जागा आळशी अधिकाऱ्यांमुळे निर्माण होते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात काळजीपूर्वक वागणारा, नियम पाळणारा अधिकारीही ती निर्माण करतो. आपली हद्द ओलांडू नये, हेच तर त्याला शिकवलेले असते. म्हणून केवळ ‘अधिक मन लावून काम करा’ असे सांगून ही जागा भरून निघत नाही.

आपत्तीच्या बाबतीत तर वाटणीच जुन्या काळातील होती. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानात लाखो माणसे दुष्काळाने मेली. त्यानंतर ब्रिटिश सरकारने १८८० च्या दशकात दुष्काळ संहिता तयार केल्या. आपत्ती म्हणजे मुख्यतः दुष्काळ, आणि सरकारचे काम म्हणजे मदतवाटप, ही कल्पना तेव्हापासून रुजली. स्वातंत्र्यानंतरही केंद्रात हा विषय कृषी मंत्रालयाकडेच होता. तो गृह मंत्रालयाकडे गेला २००२ मध्ये. दुष्काळ महिनोन्महिने हळूहळू येतो. पत्र पाठवून उत्तराची वाट पाहण्याइतका अवधी तो देतो. चक्रीवादळ तो देत नाही.

२९ ऑक्टोबर १९९९

त्या दिवशी ताशी सुमारे २६० किलोमीटर वेगाचे वारे घेऊन महाचक्रीवादळ पारादीप बंदराजवळ किनाऱ्यावर आले. वाऱ्याने घरे पाडली. परंतु अधिक माणसे पाण्याने मारली. वादळाने ढकललेली समुद्राच्या पाण्याची भिंत सपाट किनारा ओलांडून आत शिरली. जगतसिंगपूर जिल्ह्यातील एरसमा या भागात सर्वाधिक बळी गेले. जमिनीवर आल्यानंतरही वादळ चटकन पुढे सरकले नाही आणि पाऊस कोसळत राहिला. मातीच्या घरांत राहणारी शेतमजूर आणि कोळी कुटुंबे उघड्यावर सापडली.

पूर्वसूचना नव्हती काय? होती. भारतीय हवामानशास्त्र विभागाने इशारे दिले होते. इशारा देणे हे त्या विभागाचे काम होते आणि ते त्याने केले. पण इशारा आणि बचाव यांच्यामध्ये एक लांब साखळी असते. राजधानीत आलेला संदेश जिल्ह्याला, जिल्ह्याहून तालुक्याला, तेथून गावाला जावा लागतो. गावात तो कोणी तरी मोठ्याने सांगावा लागतो. ऐकणाऱ्याने त्यावर विश्वास ठेवावा लागतो. मग तो विचारतो, “जायचे कुठे?” त्या वेळी राज्याच्या एवढ्या लांब किनाऱ्यावर रेड क्रॉसने बांधलेले जेमतेम वीस-पंचवीस पक्के वादळ-निवारे होते. ज्यांना ते जवळ होते, त्यांतील अनेक जण वाचले. इतरांपाशी त्या प्रश्नाला उत्तर नव्हते.

दैवाने आणखी एक घाव घातला होता. केवळ बारा दिवस आधी, १७ ऑक्टोबरला, राज्याच्या दक्षिणेकडील गंजाम जिल्ह्याला दुसऱ्या एका चक्रीवादळाचा तडाखा बसला होता. त्या मदतकार्यात यंत्रणा गुंतलेली असतानाच हे संकट आले. दूरध्वनी आणि वीज बंद पडली. खुद्द राजधानी भुवनेश्वरचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटला. किनाऱ्यावर काय झाले आहे, हे राज्य सरकारला कळेना. सरकार काय करीत आहे, हे किनाऱ्याला कळेना.

आणि रस्त्यांवर झाडे पडली होती. ही गोष्ट किरकोळ वाटेल, पण समन्वय म्हणजे काय, हे तिच्याइतके दुसऱ्या कशाने कळत नाही. अन्न आहे, ट्रक आहे, चालकही आहे. पुढे मात्र रस्त्यावर आडवे झाड आहे. झाड वनखात्याच्या अखत्यारीत येते. रस्ता बांधकाम खात्याचा. झाडाच्या फांद्यांत अडकलेल्या तारा वीज कंपनीच्या, आणि त्यांतून प्रवाह वाहत आहे की नाही, याची खात्री झाल्यावाचून कुऱ्हाड चालवता येत नाही. तिघांपैकी प्रत्येकाने आपले काम जाणले आणि आपल्या वरिष्ठाच्या आदेशाची वाट पाहिली, तर झाड तेथेच राहते. तिघांतील कोणीही चुकलेला नसतो. पलीकडच्या गावात मात्र पिण्याचे पाणी संपत आलेले असते.

पाठगत प्रश्न

१. ‘नियम पाळणारा अधिकारीही रिकामी जागा निर्माण करतो’, असे पाठात का म्हटले आहे?
२. हवामान विभागाने इशारा देऊनही १९९९ साली माणसे का वाचू शकली नाहीत? दोन कारणे लिहा.
३. दुष्काळ आणि चक्रीवादळ यांत शासनाच्या दृष्टीने कोणता फरक आहे?

निवारा कोणाचा?

वादळाला दोन महिने पूर्ण होण्याआधीच, २८ डिसेंबर १९९९ रोजी, ओडिशाने स्वतःचे आपत्ती प्राधिकरण स्थापन केले. देशात आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा होण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. या प्राधिकरणाकडे स्वतःचे डॉक्टर, स्वतःचे अभियंते, स्वतःचे पोलीस दिलेले नव्हते. तसे केले असते तर आणखी एक खाते तयार झाले असते आणि आणखी एक मधली जागा. त्याचे काम निराळे होते : कोणी, केव्हा, काय करायचे हे वादळ नसताना ठरवून ठेवणे आणि ठरल्याप्रमाणे होते की नाही, याचा सराव करून पाहणे. २००१ मध्ये राज्याने बचावासाठी खास दल उभारले. कोसळलेली झाडे कापण्याची यंत्रे, नौका आणि ती चालवणारी माणसे एकाच तुकडीत असावीत, ही त्यामागची कल्पना होती. झाड कोणाचे, हा प्रश्न निदान पहिल्या दिवसापुरता तरी मिटला.

निवाऱ्यांची कथा अधिक बोधक आहे. खरगपूर येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या साहाय्याने आराखडे तयार झाले. पाणी खालून वाहून जावे म्हणून उंच खांबांवर उभी केलेली काँक्रीटची इमारत, वर जाण्यासाठी रुंद उतार, आत हजारांवर माणसांची सोय, असे त्यांचे स्वरूप आहे. पुढील दोन दशकांत जागतिक बँकेच्या साहाय्याने, मुख्यमंत्री निधीतून आणि इतर मार्गांनी किनारी भागात असे आठशेहून अधिक निवारे उभे राहिले.

पण इमारत बांधणे हा त्यातला सोपा भाग होता. वर्षातील तीनशे साठ दिवस वादळ नसते. वापरात नसलेल्या सरकारी इमारतीचे काय होते, हे सांगायला नको. दारे-खिडक्या जातात, गुरे बसू लागतात, आणि ऐन वेळी कुलपाची चावी सापडत नाही. म्हणून हे निवारे ‘बहुउद्देशीय’ ठेवण्यात आले. अनेक ठिकाणी त्यांत शाळा भरते, सभा होतात, लग्नकार्येही होतात. रोज वापरात असलेली इमारत लोक राखतात. पण मग नवा प्रश्न आला : इमारत शिक्षण खात्याची, ग्रामपंचायतीची की मदत खात्याची? गळके छत कोणी दुरुस्त करायचे? यावर शोधलेला उपाय असा, की प्रत्येक निवाऱ्यासाठी गावकऱ्यांचीच समिती नेमण्यात आली. चावी, जनित्र, दोर, प्रथमोपचाराची पेटी यांची जबाबदारी तिच्याकडे आली. गावातील तरुण-तरुणींना शोध, सुटका व प्रथमोपचाराचे प्रशिक्षण देण्यात आले. दुरुस्तीच्या पैशाची ओढाताण त्यामुळे संपली असे नव्हे. सरकारी इमारतीच्या देखभालीला पैसा कमी पडतो, ही तक्रार देशभर आहे आणि ओडिशा त्याला अपवाद नाही.

याच काळात देशपातळीवरही पाया घातला जात होता. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने दक्षिण किनारा आणि अंदमान-निकोबार उद्ध्वस्त केल्यानंतर, वर्षभरात, डिसेंबर २००५ मध्ये संसदेने आपत्ती व्यवस्थापन कायदा संमत केला. त्यानुसार राष्ट्रीय प्राधिकरणाचे अध्यक्ष पंतप्रधान, राज्याचे मुख्यमंत्री आणि जिल्ह्याचे जिल्हाधिकारी असतात. जिल्ह्यात निवडून आलेल्या स्थानिक संस्थेच्या प्रमुखाला सहअध्यक्ष करण्यात आले. एका दृष्टीने ही महत्त्वाची तरतूद आहे : अधिकारी बदलून जातो, निवडून आलेला माणूस त्याच जिल्ह्यात राहतो. २००६ मध्ये राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल अस्तित्वात आले. त्याची एक तुकडी पुण्याजवळ तळेगाव परिसरात असते. वीरप्पा मोईली यांच्या अध्यक्षतेखालील दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगानेही २००६ मध्ये आपला तिसरा अहवाल संकट व्यवस्थापनालाच वाहिला.

महाराष्ट्राला या विषयाची ओळख निराळ्या वाटेने झाली होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्यांत किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला आणि सुमारे आठ हजार माणसे दगडमातीच्या घरांखाली गाडली गेली. भूकंप पूर्वसूचना देत नाही, म्हणून तेथील समन्वयाचा कस पुनर्वसनात लागला. वादळ दोन-चार दिवस आधी कळते. त्यामुळे तेथे कस लागतो तो पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत.

फायलिन, फनी, दाना

ऑक्टोबर २०१३ मध्ये फायलिन वादळ गोपालपूरच्या दिशेने येऊ लागले, तेव्हा दुर्गापूजेचे दिवस होते. सरकारी कार्यालयांना सुटी, कर्मचारी गावोगावी गेलेले. राज्य सरकारने सुट्या रद्द केल्या आणि सुमारे दहा लाख लोकांना हलवले. मृतांची संख्या पन्नासच्या आत राहिली.

३ मे २०१९ रोजी फनी वादळ पुरीजवळ किनाऱ्यावर आले. त्याचा जोर १९९९ च्या वादळाइतका नव्हता आणि हवामानाचा अंदाज वर्तवण्याचे शास्त्रही वीस वर्षांत पुष्कळ पुढे गेले होते. दोन आकड्यांची तुलना करताना हे विसरता कामा नये. तरीही सुमारे बारा लाख माणसांना एक-दोन दिवसांत हलवणे, हे केवळ शास्त्राने होत नाही. त्या दोन दिवसांत कोण काय करीत होते, ते पाहा. हवामान विभाग वादळाचा मार्ग कळवत होता. किनाऱ्यावरील १२२ मनोऱ्यांवरून भोंगे वाजत होते. सुमारे २६ लाख संदेश लोकांच्या भ्रमणध्वनींवर गेले. सुमारे ४३,००० स्वयंसेवक कामाला लागले होते. तटरक्षक दल आणि मत्स्यव्यवसाय खाते होड्यांना किनाऱ्याकडे परत बोलावत होते. रेल्वेने गाड्या रद्द केल्या, पण त्याआधी पुरीत अडकलेल्या यात्रेकरूंसाठी व पर्यटकांसाठी खास गाड्या सोडल्या. निवाऱ्यांत कोरडा शिधा, म्हणजे ‘चुडा’ आणि गूळ, पोहोचवला जात होता. चुडा म्हणजे आपले पोहे. शिजवावे लागत नाहीत, भिजवले की पोट भरते.

त्या वेळी लोकसभेची आणि राज्याच्या विधानसभेची निवडणूक चालू होती. ओडिशातील मतदान नुकतेच आटोपले होते, मतमोजणी बाकी होती आणि आदर्श आचारसंहिता लागू होती. आचारसंहितेत नवे निर्णय व मदतीच्या घोषणा यांवर बंधने येतात. राज्य सरकारने विनंती केली आणि निवडणूक आयोगाने अकरा जिल्ह्यांत वादळापूर्वीच आचारसंहिता शिथिल केली. आयोग ही घटनात्मक संस्था आहे. राज्य सरकारचे खाते नव्हे. तिला कोणी हुकूम देऊ शकत नाही. म्हणजे समन्वय नेहमी वरून आलेल्या आदेशाने होतो असे नाही. कधी तो एका संस्थेने दुसरीला वेळेवर विचारल्याने होतो, आणि दुसरीने वेळेवर उत्तर दिल्याने.

सर्वांत अवघड काम मात्र शेवटच्या हाताचे होते. घर सोडायला माणूस सहज तयार होत नाही. गोठ्यात म्हैस आहे, पेटीत चार भांडी आणि जमिनीचे कागद आहेत, म्हातारी आई चालू शकत नाही. अशा वेळी दाराशी कोण येते, याला महत्त्व असते. अनोळखी अधिकाऱ्यापेक्षा ओळखीची अंगणवाडी सेविका किंवा आशा कार्यकर्ती आली, तर ऐकले जाते. कोणत्या घरात गरोदर स्त्री आहे, कोणाला खाटेवरून उचलून न्यावे लागेल, हे तिला ठाऊक असते, कारण तिच्या वहीत ते लिहिलेले असते. ती वही आरोग्य किंवा बालविकास खात्याची. तिचा उपयोग होतो महसूल खात्याच्या कामाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये दाना वादळापूर्वी हजारो गर्भवती स्त्रियांना आधीच आरोग्य केंद्रांत नेण्यात आले, ते अशा नोंदींच्या बळावर.

फनीनंतरचे चित्र इतके उजळ नव्हते. हजारो विजेचे खांब आडवे झाले आणि पुरीच्या आसपासच्या काही भागांत कित्येक आठवडे वीज नव्हती. पडलेल्या घरांच्या याद्यांवरून तक्रारी झाल्या. माणसे वाचवण्यापुरती खाती एकत्र आली होती. घरे उभी करण्याच्या वेळी ती पुन्हा आपापल्या रांगेत जाऊन उभी राहिली, असे म्हणावे लागते.

वाक्याला कर्ता हवा

आता भाषेकडे वळू. पुढील वाक्य कल्पित आहे, परंतु त्याची भावंडे कोणत्याही कार्यालयात सापडतील :

“किनारपट्टीवरील नागरिकांना सुरक्षित स्थळी हलविण्याबाबत संबंधितांनी तातडीने उचित कार्यवाही करावी.”

वाक्य शुद्ध आहे. शब्दही भारदस्त आहेत. आता त्याला प्रश्न विचारून पाहा. संबंधित म्हणजे कोण? तातडीने म्हणजे किती वाजेपर्यंत? उचित काय, हे कोणी ठरवायचे? सुरक्षित स्थळ कोणते? व्याकरणाच्या दृष्टीने वाक्याला कर्ता आहे : ‘संबंधितांनी’. पण तो कर्ता म्हणजे कोणीच नव्हे. हे पत्र दहा कार्यालयांत गेले, तर दहाही जण स्वतःला सोडून उरलेल्या नऊ जणांना संबंधित समजू शकतात. आता दुसरे वाक्य पाहा :

“गटविकास अधिकारी गुरुवारी दुपारी बारापर्यंत निवारा उघडून घेतील, जनित्र चालू करून पाहतील आणि तसे तहसीलदारांना दूरध्वनीने कळवतील.”

हे वाक्य साधे आहे, किंबहुना रुक्ष आहे. परंतु त्यात माणूस आहे, वेळ आहे, काम आहे, आणि काम झाले हे कोणाला कळवायचे तेही आहे. शेवटची गोष्ट बहुधा विसरली जाते. ‘कळवतील’ हे क्रियापद एका कार्यालयाला दुसऱ्याशी जोडते. दोन खात्यांमधील जागा भरून काढणारा शब्द वाक्यात शोधायचा झाला, तर तो हाच.

मराठी कारभारी भाषेत ‘करण्यात यावे’, ‘हलविण्यात आले’, ‘निदर्शनास आणून देण्यात येते’ अशी रचना फार रूढ आहे. या रचनेत कर्ता सांगावा लागत नाही. तिला सरसकट दोष देणे बरोबर नाही. कर्ता सर्वांना ठाऊक असेल किंवा त्याला महत्त्व नसेल, तेथे ती उपयोगी पडते. या पाठातही ती काही ठिकाणी आली आहे, ती वाचकाने शोधावी. ज्या वाक्यातून कोणाला तरी काम करायचे आहे, त्यात मात्र ती घातक ठरते. आपत्तीचा चांगला आराखडा वाचला, तर त्यात अशी वाक्ये कमी आणि पदांची नावे जास्त आढळतात.

वादळ नसलेल्या दिवशी

कोणी विचारील, की वादळात जे जमते ते एरव्ही का जमत नाही? नवा डांबरी रस्ता होतो आणि पंधरा दिवसांत जलवाहिनीसाठी तो खणला जातो, हे दृश्य कोणत्याही शहरातील माणसाला नवे नाही. दोन्ही खात्यांना रस्ता एकच दिसतो, पण एकाला दुसऱ्याचे वेळापत्रक दिसत नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने ‘गतिशक्ती’ योजना सुरू केली. तिच्यात निरनिराळ्या मंत्रालयांच्या रस्ते, लोहमार्ग, वाहिन्या यांची माहिती एकाच नकाशावर आणण्याचा प्रयत्न आहे. नकाशा उपयोगी आहे. पण खणलेला रस्ता कोणाच्या पैशाने बुजवायचा, हे नकाशा सांगत नाही.

खरा फरक तारखेचा आहे. वादळाला तारीख असते. ती कोणाला पुढे ढकलता येत नाही. रोजच्या कामाला अशी तारीख नसते. नागरिकाच्या कामाला कायद्यानेच तारीख घालून द्यावी, हा प्रयत्न प्रथम मध्य प्रदेशाने २०१० मध्ये लोकसेवा हमी कायदा करून केला. त्यानंतर अनेक राज्यांनी तो मार्ग धरला. महाराष्ट्राचा लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ चा आहे. त्यानुसार प्रत्येक अधिसूचित सेवेसाठी मुदत ठरते आणि ती देणाऱ्या अधिकाऱ्याचे पद निश्चित केले जाते. त्याला ‘पदनिर्देशित अधिकारी’ म्हणतात. मुदतीत सेवा न मिळाल्यास अपील करता येते आणि पुरेशा कारणावाचून विलंब करणाऱ्यास पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे या कायद्याने ‘संबंधित’ हा शब्द खोडून तेथे एक पद लिहिले.

दाखला एकाच कार्यालयातून मिळणारा असेल, तर हे उत्तम चालते. ज्या कामाला दुसऱ्या खात्याचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते, तेथे पदनिर्देशित अधिकारी स्वतःच दुसऱ्या टेबलाकडे पाहत बसतो, आणि अर्जदार पुन्हा त्याच मधल्या जागेत येऊन उभा राहतो.

स्वाध्याय

१. पुढील वाक्यात कर्ता, वेळ आणि स्थळ घालून ते पुन्हा लिहा : “पावसाळ्यापूर्वी गावातील नाल्यांची सफाई करण्यात यावी.”

२. ‘रस्त्यावर आडवे पडलेले झाड’ या उदाहरणातून लेखकाला काय सुचवायचे आहे? आठ ते दहा ओळींत लिहा.

३. निवाऱ्याच्या इमारतीचा रोजचा वापर व्हावा, असे का ठरवण्यात आले? या निर्णयातून कोणता नवा प्रश्न उभा राहिला?

४. निवडणूक आयोगाच्या उदाहरणातील समन्वय आणि जिल्हाधिकाऱ्याच्या आदेशाने होणारा समन्वय यांत कोणता फरक आहे?

५. ‘-ण्यात आले’ अशी रचना असलेली तीन वाक्ये पाठातून शोधून लिहा. प्रत्येकातील कर्ता कोण, हे संदर्भावरून सांगता येते का, ते पाहा.

६. उपक्रम : तुमच्या गावात किंवा वस्तीत दोन खात्यांमुळे अडलेले एखादे काम निवडा. कोणत्या कार्यालयाने काय करायला हवे, केव्हापर्यंत, आणि काम झाल्यावर कोणाला कळवायचे, हे स्पष्ट करणारा अर्ज सुमारे पंधरा ओळींत लिहा. अर्जात ‘संबंधित’, ‘उचित’ आणि ‘तातडीने’ हे शब्द वापरू नयेत.